भयकथेचा रसिक आणि त्याची लाज

आमच्या सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक प्रकार नेहमीं दृष्टीस पडतो. दिवाणखान्यांतील कपाटांत ज्ञानेश्वरी, गीतारहस्य आणि चार नांवाजलेल्या कादंबऱ्या ऐटींत उभ्या असतात; नारायण धारपांचें पुस्तक मात्र उशीखालीं सांपडतें. कोणी विचारलेंच तर "प्रवासांत वेळ जावा म्हणून आणलें होतें," असें ओशाळें उत्तर मिळतें. ज्यानें आपल्याला पहांटेपर्यंत जागें ठेविलें, त्या लेखकाची अशी ओळख करून द्यावी हा कृतघ्नपणा होय. भयकथेचे आणि तीवरून निघणाऱ्या चित्रपटांचे आम्ही निस्सीम भक्त आहों. म्हणूनच हें आम्हांला उघडपणें सांगणें भाग आहे.

पहिला आक्षेप असा कीं, भयकथेमुळें अंधश्रद्धा वाढते. आक्षेपकांचा हेतु चांगला असतो. परंतु भयकथेचा वाचक त्यांनीं जवळून पाहिलेला नसतो. ज्याचा वेताळावर खरोखर विश्वास आहे तो वाचनालयांत जात नाहीं, मांत्रिकाकडे जातो. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो या मांत्रिकांना आळा घालण्यासाठीं, कथालेखकांसाठीं नव्हे. भूत नाहीं हें ज्याला पक्कें ठाऊक आहे, त्यालाच दिव्याखालीं बसून भुताची गोष्ट चवीनें वाचतां येते.

दुसरा आक्षेप, हें वाङ्मय हलकें आहे. वाईट भयकथा पुष्कळ आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वाईट प्रेमकथा कमी आहेत काय? भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत शृंगाराप्रमाणें भयानकही आहे. मग एकाला कपाट आणि दुसऱ्याला उशी, हा पंक्तिप्रपंच कशासाठीं?

भरतमुनींचा दाखला आम्हीं दिला तो चित्रपटवाल्यांनींही ऐकावा. त्यांनीं भयानक आणि बीभत्स असे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. पडद्यावर रक्ताचे पाट वाहिले म्हणजे प्रेक्षक भ्यालाच, असें समजणारे दिग्दर्शक दुसरा रस पहिल्याच्या नांवावर खपवितात. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची हिल हाऊसच्या झपाटलेल्या वाड्याची कादंबरी १९५९ सालीं निघाली. तीवरून रॉबर्ट वाइज यांनीं १९६३ सालीं केलेल्या चित्रपटांत भूत एकदांही दिसत नाहीं. दारावर धडका बसतात, बंद दार आंतल्या बाजूस फुगतें, आणि खुर्चींत बसलेला आपण पाय वर घेतों. त्याच कादंबरीवर १९९९ सालीं पुन्हां चित्रपट निघाला. त्यांत संगणकाच्या साह्यानें भूत डोळ्यांपुढें आणून उभें केलें, आणि भीति तेवढी निघून गेली. न दाखविणें ही काटकसर नव्हे, ती या कलेची खरी शक्ति आहे.

आतां आमच्याच पंथाचा समाचार घेऊं. चित्रपटानें पुस्तकाची ओळ न् ओळ पाळली पाहिजे, असा आमच्यांतील कित्येकांचा हट्ट असतो. 'नोस्फेरातु' हा १९२२ चा जर्मन चित्रपट 'ड्रॅक्युला'वरून, ब्रॅम स्टोकर यांच्या विधवेची परवानगी न घेतां, नांवें बदलून काढला होता. न्यायालयानें त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी कांहीं प्रती वांचल्या, आणि आज तो अभिजात गणला जातो. पुस्तकापासून दूर जाणें हा गुन्हा नव्हे, हें यावरून दिसतें. पण घेतलेलें ऋण लपविणें हा गुन्हाच, हेंही त्याच गोष्टींतून दिसतें.

हा न्याय आम्ही आमच्या दैवतालाही लावतों. 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ सालीं आला, आणि २०२४ सालीं पुन्हां झळकला तेव्हां लोकांनीं चित्रपटगृहें भरलीं. मुलगेपणीं मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या कथेचें ऋण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीं मान्य केलें आहे. चित्रपटाचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' वरून आलें. म्हणजे कपाटांतलें पुस्तक आणि उशीखालचें पुस्तक पडद्यावर एकत्र आलीं. परंतु त्या चित्रपटांतील आजीमागें जी धारपांची 'आजी' उभी आहे, तिच्याही मागें स्टीफन किंग यांची १९८४ सालची 'ग्रॅमा' ही कथा आहे. हें सांगतांना आम्हांला संकोच वाटत नाहीं. मराठी घर, मराठी म्हातारी आणि मराठी काळोख हें धारपांचें स्वतःचें आहे. मूळ कल्पना त्यांची नव्हे. दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगितल्यानें त्यांची थोरवी कमी होत नाहीं.

मग या गोष्टी आजवर मोठ्यानें कां बोलल्या गेल्या नाहींत? कारण उघड आहे. जें पुस्तक वाचल्याचें कोणी कबूल करीत नाहीं, त्याची कोणी चिकित्साही करीत नाहीं. त्यांतील उसनें कोणतें आणि अस्सल कोणतें हें निवडलें जात नाहीं, आणि वाचनालयांतील प्रत फाटली म्हणजे दुसरी मागणारा पुढें येत नाहीं. धारप २००८ सालीं गेले, रत्नाकर मतकरी २०२० सालीं. त्यांची निंदा करणारे थोडेच होते. खरें नुकसान केलें तें आमच्यासारख्या चोरून वाचणाऱ्या चाहत्यांनीं. तेव्हां आमची विनंति एवढीच कीं, तें पुस्तक उशीखालून काढून कपाटांत ठेवा, आणि घरांतील मुलांनीं विचारलें तर तें आपण वाचलें आहे, असें सांगा.