ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आज फोनविषयी बोलायचे आहे. नाके मुरडू नका. फोनमुळे पोरे बिघडली, सुनांचे घरात लक्ष नाही, हे सगळे बोलून झाले आहे आणि मला ते पुन्हा उगाळायचे नाही. कल्याणच्या बाजारातली एक हकीकत तेवढी सांगायची आहे.

माझी थोरली बहीण कल्याणला राहते. २०२५ च्या नवरात्रात मी तिच्याकडे गेले होते. सकाळी दोघी भाजीला बाहेर पडलो. कल्याणचा बाजार आपल्यापैकी पुष्कळजणींच्या पायाखालचा आहे. मुरबाडकडून एस.टी.ने, शहापूर-कसाऱ्याकडून लोकलने बाया पाट्या घेऊन येतात आणि दुपारपर्यंत विकून परत फिरतात. त्यांतली मुरबाडकडची एक मावशी बहिणीच्या जुन्या ओळखीची. त्या दिवशी तिची भेंडीची पाटी शेजारणीच्या ताब्यात होती, आणि ती स्वतः कोपऱ्यावरच्या अर्ज भरून देणाऱ्या दुकानापुढे रांगेत उभी.

तुम्हाला आठवत असेल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, म्हणजे आधारवरून आपली ओळख पटवून द्यायची. मावशी त्यासाठीच आली होती. दुकानदाराने आधारचा नंबर घातला आणि म्हणाला, "मावशी, ओटीपी सांगा."

मावशीच्या कमरेच्या पिशवीत फोन होता. तो वाजलाच नाही. वाजला तो मुलाचा, तिकडे भिवंडीच्या गोदामात. आधारला मुलाचा नंबर जोडलेला, कारण तेव्हा घरात तेवढाच फोन होता. मुलगा पाळीवर. ओटीपीचे आयुष्य दहा मिनिटांचे. मुलाने उलटा फोन केला तोवर मावशी पुन्हा पाटीवर येऊन बसली होती. ही तिची तिसरी खेप. प्रत्येक खेपेला धंद्याचा तास गेला तो वेगळाच.

मी म्हटले, "मावशी, फोन तर आहे की तुमच्याकडे!"

ती म्हणाली, "हाय की. पण तो नुसता उचलायचा आन ठेवायचा."

भगिनींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोन आहे, चांगला काचेचा आहे, मुलाने वापरून आईला दिलेला आहे. पण त्याचा उपयोग आपल्या आजीच्या काळातल्या काळ्या टेलिफोनाइतकाच. २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात असे आढळले की देशात १०० पैकी ५४ बायकांकडे स्वतः वापरायचा फोन आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या मात्र १०० त ३३, आणि खेड्यांतल्या पाहिल्या तर पंचवीससुद्धा नाहीत. पुरुषांत हाच आकडा ५७. म्हणजे मावशी एकटी नाही.

बहिणीने आणि मी मिळून ठरवले की गुरुवारी दुपारी, बाजार उठल्यावर आणि एस.टी.ची वेळ व्हायच्या आत, तिच्या गॅलरीत तासभर बसायचे. बहिणीकडे धुणीभांडी करणाऱ्या दोघी, बाजारातल्या तिघी. पाचांपैकी एकीनेही संगणकाला कधी हात लावलेला नव्हता. पुसायला लावला असेल तेवढाच.

पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली. कुठूनसे एक छापील पुस्तक आणले होते, त्यात क्रमाने सगळे दिलेले: हे सेटिंग, हा ब्राउझर, हे ई-मेल. मी आपली बाईंसारखी सुरू. अर्ध्या तासात दोघींना डुलक्या. तिसरी म्हणाली, "ताई, ते ऱ्हाऊ द्या. माझ्या खात्यात पैसं आलं का, ते दिसंल का यात?" पुस्तक मी मिटले ते मिटलेच. त्या दिवसापासून जिला जे हवे तिथून सुरुवात. एकीला खात्यातली शिल्लक. एकीला दुबईला गेलेल्या भावाचे तोंड बघायचे होते. एकीला रेशनचा मेसेज वाचून हवा होता.

शिकवताना ज्या अडचणी आल्या त्या पुस्तकात नव्हत्या. पहिली अडचण बोटांची. भांडी घासून, विळा धरून बोटे अशी घट्टी पडलेली की काच ती ओळखत नाही. हात ओला असला तरी नाही. म्हणून आधी हात कोरडे करून मगच फोन, हा आमचा पहिला नियम. बोटाच्या ठशाचे कुलूप तर यांच्यासाठी नव्हेच. आकड्यांचे कुलूप लावायचे.

दुसरी अडचण दाबण्याची. आपल्याला सवय जोर लावायची. जात्याचा खुंटा, पंपाचा दांडा, सगळे जोराने. फोनवर जोराने दाबून धरले की चित्रे थरथरायला लागतात, जागची हलतात, आणि बाई घाबरून फोन खाली ठेवते, "मोडला बाई!" मग मी सांगितले, भाताचे शीत दाबून बघता तसे दाबू नका. तवा तापला का हे बोट लावून बघता ना, लावले की काढले, तसे. ते लगेच जमले. आणि सरकवायचे कसे, तर सुपातला खडा बोटाने बाजूला सारतो तसे. हे त्यांनीच मला सांगितले.

फोनची भाषा मराठी करून दिली. पण खरे सांगू का, फोनमधले मराठी कुणा पंडिताने लिहिले आहे कोण जाणे. 'पूर्ववत करा' वाचून आमच्या मावशीने विचारले, "पूर्वेला काय हाय?" त्यापेक्षा 'बॅक' बरे, ते एस.टी.च्या कंडक्टरमुळे सगळ्यांना येते. जिला अक्षर येत नाही तिला कळफलकावरची माइकची खूण दाखवली. बोलले की अक्षरे उमटतात. आपलेच बोलणे काचेवर उमटलेले बघून एकजण इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

अक्षर नाही म्हणून बाई अडाणी, असे समजणाऱ्यांनी म्हसवडची गोष्ट आठवावी. साताऱ्याच्या माण तालुक्यात चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेकडून अर्ज परत आला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने सही-अक्षर शिकल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आणि लांब कशाला, आमच्या मावशीच्याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरू लागली. साठी ओलांडलेल्या, काही नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसल्या. जिला वजनकाटा आणि एस.टी.चा नंबर वाचता येतो, तिला फोनचे आकडे का येऊ नयेत?

सरकारने आणि संस्थांनी काहीच केले नाही असे नाही. २०१५ साली गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 'इंटरनेट साथी' सुरू केले. त्यात गावच्याच बाया सायकलवरून फोन आणि टॅब घेऊन दुसऱ्या बायांना शिकवायला जात, आणि ती रीत मला फार आवडते. २०१७ साली केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना आली, २०२४ च्या मार्चपर्यंत चालली. ६ कोटी घरांचे लक्ष्य, घरटी एक माणूस. आता घरटी एक म्हटले की ते एक माणूस कोण, हे तुम्ही-आम्ही जाणतो. शिवाय योजना खेड्यांसाठी, म्हणजे कल्याणात भांडी घासणारी बाई तिच्यात बसतच नव्हती. आणि नुसता फोन हातात दिला म्हणजे झाले असेही नाही. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारचे फोन परत केले होते. फोनांची ताकद अपुरी, आणि ज्यात माहिती भरायची ते ॲप इंग्रजीत.

आता शेतातले बघा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोटो काढून करायची. आमच्या भागातल्या किती घरांतला धनी सकाळच्या गाडीने कल्याण, अंबरनाथ, भिवंडीला कामाला जातो? घरातला चांगला फोन त्याच्याच खिशातून जातो. भात उभे आहे गावात, भातापाशी बाई आहे गावात, आणि फोन कल्याणात! मग नोंद रविवारवर जाते, रविवारी लग्न निघते, आणि मुदत संपते. अवकाळीने भात आडवे झाले की नोंद नाही म्हणून भरपाई अडते. हा फोन बाईला वापरता येणे ही घरच्या पिकाची बाब आहे, हे घरधन्यांनीही वाचावे म्हणून मुद्दाम लिहिते.

पण सगळ्यात जास्त वेळ आमचा गेला तो भीतीवर. "बोट चुकीचं पडलं आन पैसं गेलं तर?" ही भीती खुळी नाही. रोज कुणीतरी लुबाडले जाते. म्हणून दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घोकून घेतल्या. पैसे *येण्यासाठी* पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत. आणि फसलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

ओटीपीपाशी मात्र मीच अडखळले. मी सांगितले, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. त्यावर धुण्याला येणारी म्हणाली, "ताई, मग त्या दुकानवाल्याला का सांगायचा? त्यो बी मागतोच की." बरोबर आहे हो तिचे! बँक म्हणते सांगू नका, आणि दर कामाला कुणीतरी समोर बसून म्हणतो सांगा. वर्षानुवर्षे आपण बायकांना ओटीपी सांगायचीच सवय लावली, आणि फोनवर गोड बोलून कुणी मागितला की सांगून बसतात म्हणून त्यांनाच नावे ठेवतो. आम्ही पाचजणींनी मिळून तोड काढली. ओटीपी तोंडाने सांगायचा नाही, बोटाने भरायचा. दुकानात गेले तरी म्हणायचे, "दादा, यंत्र इकडे फिरवा, आकडे मी घालते." आणि घालण्याआधी तो मेसेज कशाचा आहे ते वाचायचे, नाहीतर वाचून घ्यायचे.

हे जमण्यासाठी ओटीपी आपल्या फोनवर यायला हवा. मावशीने आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घेतला, मग बँकेत जाऊन तोच दिला. मुलगा थोडा कुरकुरला, "माझ्यावर भरवसा नाय का?" मावशी म्हणाली, "भरवसा हाय, पण तू भिवंडीला हायेस." नंबर बदलल्यावर आता शिल्लक बघायला ती कुणाकडे जात नाही. तिच्या बँकेचा एक नंबर आहे, त्यावर मिस्ड कॉल दिला की मेसेज येतो. अशी सोय पुष्कळ बँकांची आहे आणि ती साध्या बटणांच्या फोनवरही चालते. पासबुक घेऊन जाल तेव्हा विचारून घ्या.

एक गोष्ट घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना सांगा. आईला शिकवताना तिच्या हातातला फोन घ्यायचा नाही. "दे इकडे, मी करून देतो" म्हटले की शिकणे तिथेच थांबले. मीसुद्धा हात पाठीमागे बांधून बसत होते, आणि सांगते, फार जड जाते. एक आकडा शोधायला मावशी मिनिटभर लावी आणि माझे बोट शिवशिवत असे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मावशी आली नाही. आम्ही वाट बघत होतो, तेवढ्यात बहिणीचा फोन वाजला. मावशीचा आवाजी निरोप, स्वतः बोलून पाठवलेला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज आणि कुणाचे तरी ओरडणे. "ताई, आज न्हाई येत. खळ्यावर झोडणी हाय, मानसं लागल्याती. पुढल्या गुरवारी ते फोटोचं ऱ्हायलंय, ते घ्या."