वाइन चाखा, पण औषध म्हणून नको

नाशिकच्या वायनरींत सुट्टीच्या दिवशी आता सहलीसारखी गर्दी असते. यीस्ट द्राक्षातील साखरेचे अल्कोहोल कसे करते, रेड वाइनला सालीतून रंग कसा येतो, कोणत्या वाइनसोबत कोणते चीज वा कबाब, हे तिथे समजावून सांगतात. शिकण्यासारखे आहेच. अडचण पुढे होते. बीपीच्या गोळ्या घेणारे रुग्ण ओपीडीत विचारतात, "डॉक्टर, हृदयासाठी रोज एक ग्लास घेतला तर चालेल ना?"

हा समज १९९०च्या दशकात रुजला. चरबीयुक्त आहार असूनही फ्रान्समध्ये हृदयविकार कमी, याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. पुढे लक्षात आले, की अशा अनेक पाहण्यांत आजारपणामुळे दारू सोडलेल्यांनाही 'न पिणारे' धरले होते. साहजिकच पिणारे अधिक निरोगी दिसले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो.

१५० मिलि वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते, साधारण ४५ मिलि व्हिस्कीइतके. सोबत खाल्ल्याने ते हळू शोषले जाते, कमी होत नाही.

व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. चव कळायला तेवढे पुरते. न पिणाऱ्यांनी हृदयासाठी म्हणून सुरुवात करू नये. पिणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, गोळ्या सुरू असतील तर मुळीच नाही. आणि चाखून कसारा घाट उतरायचा असेल, तर गाडी न प्यायलेल्याच्या हाती द्यावी.