फलश्रुतीआधीचे दिवस

महाविद्यालयात रजेचा अर्ज भरताना ‘कारण’ या रकान्यापाशी आम्ही दोघेही अडलो. दोघेही साहित्य शिकवतो. शब्दांची वानवा असायला नको होती. तरीही त्या महिन्यातल्या प्रत्येक अर्जात ‘वैयक्तिक’ एवढेच लिहिले. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची पूर्वतयारी चालू होती. या विषयाभोवती मराठीत शब्द पुष्कळ आहेत: वांझपण, नवस, कूस उजवणे, पाळणा हलणे. पण ते एक तर अभावाचे आहेत, नाही तर प्राप्तीचे. मधल्या दिवसांसाठी भाषेने काहीच राखून ठेवलेले नाही.

हे मधले दिवस असे असतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी. मग साधारण दहा-बारा दिवस, रोज ठरावीक वेळी, पोटाच्या त्वचेखाली संप्रेरकाचे इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. बीजकोषांची वाढ मिलिमीटरमध्ये मोजायची. मध्येच, बीज अवेळी सुटू नये म्हणून आणखी एक इंजेक्शन. शेवटी दवाखान्यात ज्याला ‘ट्रिगर’ म्हणतात ते. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढून घेतात. आमच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी औषधाचा खोका होता. रात्री नऊला तो बाहेर काढायचा. आज नाभीच्या डाव्या बाजूला, उद्या उजव्या. सुई एकीच्याच पोटात जाते, दुसऱ्याच्या हाती कापूस आणि घड्याळ. या लेखातले ‘आम्ही’ तेवढ्यापुरते खोटे आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

वेळा विसरू नयेत म्हणून आम्ही त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहीत गेलो. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती आणि तिच्याखाली आमच्या अक्षरात इंजेक्शनची. ते पाहताना साम्य जाणवले. ठरलेली वेळ, ठरलेला विधी, काही गोष्टी वर्ज्य आणि शेवटी फळाची आशा: हे व्रतच होते. आणि व्रत म्हटले की आपल्याकडे त्याची कहाणी येतेच.

कहाणीचा घाट आपण सारे जाणतो. वसा घेतला जातो, तो पाळण्याचे दिवस एका वाक्यात सरतात आणि कथा फळापाशी पोचून सुफळ संपूर्ण होते. फळ मिळाले नाही तर कुठेतरी नियम मोडलेला असतो. उतलेले, मातलेले, अवमानलेले काहीतरी सापडतेच. पाळणारीने सारे नीट पाळले आणि तरीही फळ मिळाले नाही, ही शक्यता हा घाट सामावून घेत नाही.

आमच्या मते इथे प्रश्न केवळ साहित्यप्रकाराचा उरत नाही. एका संध्याकाळी बस रखडली आणि इंजेक्शनला चाळीस मिनिटे उशीर झाला. त्या रात्री घरात जेवण झाले नाही. सकाळी डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की काटेकोर वेळ ट्रिगरची. रोजच्या इंजेक्शनला एवढ्याने काही होत नाही. मग रात्रभराची ती अपराधी भावना आली कुठून? वैद्यकशास्त्राने ती दिली नव्हती. ती आमच्या कथनपरंपरेतून आली होती. दवाखान्याची बोलीही तिला खतपाणी घालते. औषधाने पुरेशी बीजे वाढली नाहीत, तर ‘पुअर रिस्पॉन्डर’ ठरते ती स्त्री. औषध ठरत नाही. दोष पुरुषबीजात असला तरी इंजेक्शने तिलाच घ्यावी लागतात, हे मात्र कोणी उच्चारत नाही.

‘हा वैद्यकीय तपशील झाला, साहित्य नव्हे’ असा आक्षेप येईल. त्याला पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ (२०१०) ही तमिळ कादंबरी उत्तर देते. तिचा काळ या उपचारांच्या कितीतरी आधीचा आहे. पण काली आणि पोन्ना यांचे नवस, टोमणे आणि वाट पाहणे यांतच ती मुक्काम करते. मूल झाले की नाही यावर ती संपत नाही. मधले दिवस हाच तिचा ऐवज आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली या पद्धतीने मूल जन्मले, त्याला आता चार दशके होत आली. इतक्या वर्षांत आमच्या वाचनात आलेल्या मराठी कथांमध्ये दवाखाना आला, तो बहुधा एका परिच्छेदापुरता. पुढच्या परिच्छेदात बारसे तरी असते, नाही तर आकांत.

सकाळी आठला सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन गुण देणाऱ्या, एकमेकींकडे न पाहणाऱ्या बायकांची कथा अशी एका परिच्छेदात मावत नाही. तिला फलश्रुतीपासून सोडवून लिहायला हवे. ती वाचलेली असती, तर त्या रात्री आम्ही निदान जेवलो असतो.

‘मग पुढे काय झाले?’ असे हे वाचणाऱ्यांना विचारावेसे वाटेल. नातेवाईकही तेच विचारतात. आम्ही येथे त्याचे उत्तर देत नाही. बातमी लपवावी असा हेतू नाही. पण उत्तर कोणतेही असले, तरी वरचे दिवस तसेच गेले असते आणि त्यांचे मोल त्या उत्तरावरून ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.