वाळवंटाचा हिशेब घरातच मांडायचा



ॲडलेडला राहणाऱ्या मराठी घरांत एक विषय कधी ना कधी निघतोच: गाडी घेऊन एकदा सिम्पसन पार करायचं. आमच्याकडे तो यंदा निघाला आहे. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मी, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा, असा बेत आहे. माझं मत मी घरात सांगून झालं आहे, आता इथे लिहिते, कारण हीच चर्चा तुमच्यापैकी काहींच्या घरीही चालली असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिम्पसन वाळवंट साउथ ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलंड या तिघांत पसरलेलं आहे. पश्चिमेकडून माउंट डेअरहून निघायचं आणि पूर्वेला क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिलला उतरायचं. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, पुण्याहून नागपूरही त्याहून लांब. पण मध्ये ११०० हून जास्त वाळूच्या टेकड्या आहेत, एकीला समांतर दुसरी, आणि प्रत्येकीवर चढून उतरायचं. सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रेंच लाइन. १९६०च्या दशकात तेल शोधायला आलेल्या फ्रेंच कंपनीने बुलडोझरने सरळ रेघ ओढली, तीच ही वाट. मध्ये पेट्रोलपंप नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही.

आता माझी तक्रार. गेले दोन महिने आमच्या घरात बोलणं चाललंय ते फक्त गाडीचं. सस्पेन्शन कुठलं, टायर कुठले, गाडी दोन इंच उचलायची की तीन. शनिवारी मित्रमंडळी जमली की तीन-तीन तास तेच. पाण्याचं बोलणं मात्र दीड मिनिटात आटपलं. ‘नेऊ की दोन मोठे कॅन!’

गाडी चांगली हवी यात वाद नाही. पण हे वाळवंट ओलांडणं मुळात घर चालवण्यासारखं काम आहे. किती माणसं, किती दिवस, काय लागेल, काय संपेल आणि संपलं तर काय करायचं. वर्षाचं धान्य भरणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

या वाटेचा इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. मोटारीने सिम्पसन पहिल्यांदा ओलांडलं ते १९६२ मध्ये, रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञाने. हे सगळे सांगतात. त्या गाडीत त्यांची पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलंही होती, हे सांगायला बरेच जण विसरतात. फ्रेंच लाइन तेव्हा अजून झाली नव्हती. निसान पेट्रोल गाडी आणि समोर नुसती वाळू! मोटारीने झालेली ती पहिलीच सफर एका कुटुंबाची होती, आणि मुलांना रोज काही ना काही खायला-प्यायला मिळालंच असेल ना? ग्रिसेल्डाबाईंनी पुढे या आयुष्यावर पुस्तकही लिहिलं.

त्याच्याही कितीतरी आधीपासून या वाळवंटात वांगकांगुरू लोक राहत होते. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात खणलेल्या विहिरींवर, ज्यांना ते मिकिरी म्हणतात, त्यांचं सगळं जगणं उभं होतं. कुठल्या विहिरीला किती पाणी आणि कधी, हे ज्यांना पाठ होतं त्यांनाच इथे घर करता आलं. आपण चार-पाच दिवसांचे पाहुणे. आपली विहीर आपल्या गाडीतच.

तर माझा हिशेब असा. माणशी दिवसाला ६ लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. आम्ही तिघं. ओलांडायला ५ दिवस, आणि गाडी बंद पडली किंवा पाऊस येऊन वाट चिखलाची झाली तर अडकून राहायला आणखी ४. म्हणजे ३ गुणिले ६ गुणिले ९, १६२ लिटर. आणि १६२ लिटर म्हणजे १६२ किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसं जास्तीची. हे वजन टपावर चढवलं तर उतारावर गाडी कलंडायची भीती, म्हणून ते खाली, मागच्या सीटजवळ. एकाच मोठ्या टाकीत नको, एक फुटली तर सगळंच गेलं. लहान लहान आठ-नऊ कॅन बरे. वाटेत पर्नी बोअरला पाणी दिसतं, पण ते मी हिशेबात धरत नाही. बरं, एवढं वजन झालं की डिझेलही जास्त जळणार, म्हणजे डिझेलचे कॅन वाढणार, म्हणजे पुन्हा वजन. मग कशाला कात्री लावायची? माझ्या मते फोल्डिंगच्या खुर्च्या, फ्रिज आणि ती टपावरची दिव्यांची पट्टी. रात्री गाडी चालवायचीच नाही तर दिवे कशाला?

पाणी तुपासारखं वापरायचं, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर असतं. भांडी पुसून ठेवायची, हात ओल्या फडक्याने. आपल्याला हे नवं नाही.

आकड्यांबद्दल मी एवढी का अडून बसते, त्याला एक गोष्ट कारण आहे. तिन्ही प्रांतांच्या सीमा जिथे मिळतात त्या जागेला पोपेल कॉर्नर म्हणतात. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल यांनी ती जागा मोजून खांब रोवला. नंतर कळलं की मोजायची साखळीच इंचभर लांब होती. एका साखळीला एक इंच म्हणजे काहीच नाही, पण शेकडो किलोमीटरवर तेवढ्याने खांबाची जागा चुकली आणि तो हलवावा लागला. आपलं ‘अंदाजे दोन कॅन’ हे असंच इंचभर लांब असतं.

दुसरा मुद्दा जास्त कटू आहे, आणि घरात यावरूनच खरं वाजलं. आमच्याबरोबर दुसरी गाडी घेऊन येणारं कुटुंब अजून पक्कं होत नाहीये. नवऱ्याचं म्हणणं, जुलैत वाटेवर गर्दी असते, एकटे गेलो तरी कुणी ना कुणी भेटेलच. मला हे मान्य नाही. ‘कुणी ना कुणी’ हा माणूस कुठल्याही यादीत नसतो. १९६३च्या नाताळात बर्ड्सव्हिलहून दक्षिणेला जाणाऱ्या बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पेज नावाचं कुटुंब गेलं. इंग्लंडहून इथे येऊन स्थायिक झालेले, आईवडील आणि तीन मुलगे. वाट चुकली, पेट्रोल संपलं, पाणी संपलं, गाडी सोडून ते निघाले आणि पाचही जण दगावले. ट्रॅकच्या कडेला त्यांची कबर आहे. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले होते, एवढंच मला दिसतं. ते दिवस भर उन्हाळ्याचे होते हे खरं, आणि आता १ डिसेंबर ते १५ मार्च सिम्पसनचं पार्क बंदच ठेवतात. पण गाडी सोडून चालत सुटायचं नाही, हा नियम जुलैलाही लागू आहे, आणि तो मुलाकडून मी पाठ करून घेतलाय.

म्हणून पहिल्या खेपेला दोन गाड्या, सॅटेलाइट फोन आणि यूएचएफ रेडिओ. तिथे चॅनल १० वर सगळे एकमेकांना आपण कुठे आहोत ते सांगत जातात. गाडीला उंच झेंडा सक्तीचा आहे, बुलबारला लावला तर जमिनीपासून किमान साडेतीन मीटर, म्हणजे टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला आपण दिसतो. टायरची हवा १५ ते १८ पौंडांवर आणायची. ट्रेलर अजिबात नको. आणि पश्चिमेकडून पूर्वेकडेच जायचं, त्या बाजूचा चढ सौम्य असतो. फक्त सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं, तेव्हा नाश्ता सावकाश करून निघालेलं बरं. संध्याकाळी उजेडातच मुक्काम आणि उजेडातच जेवण. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात हे सांगायलाच नको. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेली मूगडाळ. हे आठवडाभर टिकतं, आणि भाकरीला फ्रिज लागत नाही.

आणखी एक अट मी घातली आहे: मीही वाळूत गाडी चालवायला शिकणार. चालवणारा एकटाच, आणि तोच आजारी पडला तर? शिवाय कुठे परत फिरायचं हे स्टिअरिंगवरच्या माणसाने एकट्याने ठरवू नये. वाळूत गाडी अडकली की माणसाला हट्ट चढतो. म्हणून घरीच कागदावर लिहायचं: पर्नी बोअरनंतरचा पहिला पूर्ण दिवस संपला की डिझेल आणि पाणी मोजायचं, आणि ठरल्यापेक्षा कमी उरलं असेल तर सकाळी उलट दिशेने. त्यावर दोघांच्या सह्या.

दुसऱ्या गाडीसाठी मी मे अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. नाही जमलं तर माउंट डेअर ते डलहौसी, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात दोन दिवस मुलाला पोहू द्यायचं आणि आल्या वाटेने घरी. नवरा अजून गप्प आहे, पण काल त्याने पाण्याच्या कॅनचे भाव बघितले.