मोबाईलने वाट दाखवली, सावध कोण करणार?



'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपण मुलांकडून किती वर्षं लिहून घेतोय! त्याआधी 'विज्ञान : शाप की वरदान' होता. विषय बदलला, साचा तोच राहिला. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे आणि शेवटी 'अति तेथे माती' ही म्हण. मुलं हा निबंध झोपेतसुद्धा लिहून देतील. पण मावळात, लोणावळ्यात राहणाऱ्या मुलाच्या हाती त्यातून काय लागतं? मला तरी वाटतं, फारसं काही नाही. कारण दर पावसाळ्यात आपल्या दाराशी जे घडतं, ते फायदे-तोट्यांच्या दोन रकान्यांत बसतच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. अनोळखी माणसाला ओढ्यापर्यंत, धबधब्यापर्यंत पोचवायचं काम मोबाईल फार चोख करतो. पण त्या ओढ्याबद्दल गावाला जे ठाऊक आहे, ते तो बरोबर देत नाही. वाट मिळते, इशारा मागे राहतो. तो इशारा वाटेला परत जोडायचं थोडंफार काम आपल्या शाळा करू शकतात.

दोन रविवार

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब पाण्यात उभं होतं. वरून अचानक लोंढा आला. सगळे एकमेकांना धरून एका खडकावर थांबले, पण पाण्यापुढे टिकाव लागला नाही. एक महिला आणि चार मुलं, अशा पाच जणांचा जीव गेला. तो व्हिडिओ त्याच दिवशी देशभर फिरला. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यानंतर जुलैमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी मनाई आदेश काढला. खोल पाण्यात उतरायचं नाही, धबधब्याखाली बसायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी काढायची नाही, रील बनवायची नाही.

१५ जून २०२५, पुन्हा रविवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या. इंदोरीजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरला होता. दुपारी तो कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, कितीतरी जण जखमी झाले.

दोन्ही वेळा शिवदुर्ग मित्र, वन्यजीव रक्षक मावळ यांसारख्या संस्थांची आपलीच पोरं पाण्यात उतरली. कुणी दुकान बंद करून आलं होतं, कुणी कामावरची सुट्टी टाकून. सोमवारी बातम्या येतात, चर्चा होतात. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मळवलीपासून भाज्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर त्याच रांगेत अडकावं लागतं, ते वेगळंच.

पूर्वी वाट कशी मिळायची?

पूर्वी धबधबा शोधायचा तर गाडीची काच खाली करून कुणाला तरी विचारावं लागायचं. "दादा, धबधबा कुठंय?" मग उत्तर यायचं, "सरळ जा, पुढं देऊळ लागंल, तिथनं डावीकडं. पण वड्याला पाणी वाढतंय बरं का, दुपारच्या आत माघारी फिरा." म्हणजे पत्ता आणि सावधगिरी एकाच तोंडून, एकाच वाक्यात मिळायची. ऐकणं न ऐकणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर, पण कानावर तरी पडायचं.

आपल्या बोरघाटात शिंग्रोबाचं मंदिर आहे. जुन्या महामार्गाने जाणारे ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात. घाटातून वाट कुठून काढावी हे इंग्रज साहेबांना उमगत नव्हतं, ती या धनगराने दाखवली आणि पुढे त्यांनीच त्याला मारलं, अशी आख्यायिका आहे. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. कथा खरी किती, हा भाग सोडून द्या. लोकांनी ती जपली, कारण एक गोष्ट त्यांना नक्की माहीत होती. मेंढरं घेऊन जो डोंगर तुडवतो, त्याला नुसती वाट कळत नाही, कुठे माती सुटते आणि कुठे पाणी फुटतं हेही कळतं.

आता वाट विचारावी लागत नाही. मोबाईलमधली बाई सांगते, 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.' काच बंद, एसी चालू. रस्त्याकडेला बसलेल्या आजोबांना कुणी विचारत नाही, आणि न विचारता सांगायला गेलं तर "तुमचं काय जातंय?" असं ऐकावं लागतं. शिवाय खरं बोलायचं तर आपल्या गावांचंही थोडं बदललंय. भजी, कणीस, चहा, पार्किंग, तंबू, होम स्टे यांवर कितीतरी घरांचा पावसाळा चालतो. गिऱ्हाईकाला माघारी जा म्हणणं सोपं नसतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण ही गोष्ट लपवूनही उपयोग नाही.

रीलला काय कळतं?

२०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲप्सवर सरकारने बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. तेव्हापासून एखादी जागा 'फेमस' व्हायला एक पावसाळासुद्धा लागत नाही. २०२३ मध्ये लोहगडावर माणसं तासन् तास अडकून पडली होती, ते व्हिडिओ आठवत असतील. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अभिमानाची गोष्ट आहे, पण गर्दी कमी होणार नाही हेही उघड आहे.

रील कुणाला दाखवायची हे यंत्र ठरवतं. ते कसं ठरवतं? लोक किती वेळ थांबून बघतात, किती जण पुढे पाठवतात, यावरून. त्यामागे कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण 'इथे उतरू नका' हा फलक बघायला कोण थांबणार? लोक थांबतात ते फेसाळलेल्या पाण्यात हात पसरून उभ्या असलेल्या माणसाजवळ. म्हणून तोच पुढे येतो आणि फलक चौकटीबाहेर राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. रील अर्ध्या मिनिटाची असते. ओढ्याचं वेळापत्रक तासांचं असतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेपर्यंत येतं, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही येतं, कारण पाऊस वरच्या पठारावर पडलेला असतो. हे अर्ध्या मिनिटात दिसूच शकत नाही. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो ४ हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. पुण्याच्या माणसाने पुण्याच्या पावसाच्या अंदाजाने इथल्या पाण्यात पाय टाकला तर तो फसणारच. त्याला वेडा म्हणून आपलं काम संपत नाही.

सगळा दोष मोबाईलचा नाही

इथे कुणी म्हणेल, पूल काय मोबाईलमुळे पडला का? नाही. कुंडमळ्याचा पूल जीर्ण झाला होता. नव्या पुलासाठी पैसे मंजूर झाले होते, पण काम सुरू झालेलं नव्हतं. ती जबाबदारी शासनाची, ती पर्यटकांच्या किंवा रीलच्या माथी मारणं चूक आहे. माझा मुद्दा एवढाच की पूल धोक्याचा आहे हे गावाला माहीत होतं, तिथे फलकही होता, आणि तरीही ज्यांनी गर्दी केली त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. ते हजारो जण ज्या मोबाईलवर पत्ता बघत आले, त्याच मोबाईलवर ही एक ओळ का नव्हती?

कारण तंत्रज्ञानाला इशारा देता येत नाही, असं मुळीच नाही. आपल्याच पुण्यातल्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सूचना देतं. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकाच वेळी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर आपत्कालीन इशाऱ्याचा चाचणी संदेश आला, तेव्हा स्टाफरूममध्ये आपणही दचकलो होतो. हवामान खात्याचे पिवळा, नारंगी, लाल असे इशारे रोज मिळतात. पण ते जिल्ह्याला किंवा घाटमाथ्याला असतात. 'या ओढ्याचं पाणी या खडकावरून अचानक वाढतं' ही माहिती कुठल्याच उपग्रहाला नसते. ती गावाला असते. आणि आपल्या वर्गात बसलेल्या मुलांना असते.

मुलांना काय माहीत आहे, ते विचारून बघा

मी माझ्या वर्गात विचारलं, "ओढ्याला पूर येणार हे कसं ओळखायचं?" हात वर झाले. "बाई, पाणी गढूळ होतं." "पाला आणि काटक्या वाहून येतात." "आवाज बदलतो, घुमल्यासारखा येतो." एक मुलगा म्हणाला, "आजी म्हणते, डोंगरावर काळं दिसलं की गुरं पलीकडं न्यायची नाहीत." हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. पण हीच मुलं संध्याकाळी रील बघतात आणि रविवारी पाहुण्यांना त्याच ओढ्यावर घेऊन जातात. घरातलं हे ज्ञान आपण शाळेत ज्ञान म्हणून धरलं नाही, तर दहा वर्षांनी हात वर होणार नाहीत.

म्हणून काही गोष्टी सुचवते. यांना खर्च नाही आणि वेगळा तासही लागत नाही.

पहिली, परिसर अभ्यासात गावाच्या पाण्याचा नकाशा. ओढे, डोह, साकव, धबधबे यांची गावातली नावं आजी-आजोबांना विचारून मुलांनी कागदावर मांडायची. नावात पुष्कळ काही दडलेलं असतं. 'कुंडमळा' या नावातच कुंड आहे. नदीच्या खडकात पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले खोल रांजणखळगे तिथे आहेत. वरून पाणी सपाट दिसतं आणि खाली पाय ठरत नाही. ज्याला नावाचा अर्थ कळला, तो तिथे उडी मारताना दोनदा विचार करेल.

दुसरी, विज्ञानात वाहत्या पाण्याचा जोर. १ घनमीटर पाण्याचं वस्तुमान १ हजार किलो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर साधारण चौपट होतो. म्हणून वेगात वाहणारं अर्धा फूट पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा तोल घालवतं. "गुडघ्याएवढंच तर आहे" हे वाक्य किती फसवं आहे, ते मुलांनी आकडे मांडून बघावं.

तिसरी, भूगोलात समोच्च रेषा शिकवताना आपलाच डोंगर घ्यावा. वरच्या पठारावर पडलेलं पाणी कोणत्या वाटेने खाली येतं हे बोटाने दाखवायला सांगावं. परीक्षेत दोन गुण मिळतील, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे 'इथे ऊन आहे, म्हणजे धोका नाही' हा समज जाईल.

चौथी, मराठीच्या तासाला सूचनाफलक लेखन. आपल्या गावातल्या एका जागेसाठी तीन ओळींची सूचना. मोठ्यांच्या मदतीने ती मोबाईलच्या नकाशावर त्या जागेच्या माहितीत टाकता येते. नकाशावर अभिप्राय आणि फोटो टाकण्याची सोय सगळ्यांनाच आहे. तिथे आज 'मस्त जागा, एकदम भारी' असं लिहिलेलं असतं. त्याखाली 'पाणी गढूळ दिसलं तर लगेच बाहेर या' अशी एक ओळ गावाने लिहिली, तर तीही वाचली जाईल. सगळे वाचणार नाहीत. एखाद्या बापाने वाचली तरी पुरे.

पालकांना दोन शब्द

बाहेरून येणाऱ्या पालकांना हात जोडून विनंती आहे की मावळात जरूर या, पण गाडीची काच एकदा खाली करा. चहाच्या टपरीवर, देवळापाशी, शेतात काम करणाऱ्या मावशींना विचारा, "आज पाणी कसं आहे?" त्या 'जाऊ नका' म्हणाल्या तर लेकरांसमोर ते ऐका. मोठ्या माणसाने गावाचं ऐकलं, हे मुलांनी बघणं शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतं.

इथल्या पालकांनाही सांगायचंय. पोरगं मोबाईलमध्ये असतं म्हणून आपण ओरडतो, पण ओढ्याकाठी नेऊन त्याला पाणी ओळखायला कधी शिकवलं? आपल्या आईबापांनी आपल्याला शिकवलं होतं. मनाई आदेश महिन्याभराचा असतो, बंदोबस्त शनिवार-रविवारचा असतो. पाणी ओळखणारा डोळा मात्र जन्मभर पुरतो.

शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात पाऊसही येतो आणि गर्दीही. त्या आठवड्यात फळ्यावर 'मोबाईल : शाप की वरदान' लिहायच्या ऐवजी 'आमच्या ओढ्याबद्दल पाहुण्यांना काय सांगाल?' असं लिहून बघा. वह्या तपासताना तुम्हालाही नवीन काहीतरी कळेल, याची मला खात्री आहे.