तिसरी तार

चतुर्थी जवळ आली, की गोव्यातील घरोघरी भिंतींना नवा रंग चढतो, मखरासाठी विजेच्या माळा काढल्या जातात आणि वायरमनला बोलावणे जाते. भिंतीवर तारा दिसता कामा नयेत, हा घरधन्याचा पहिला आग्रह. त्यापायी मातीच्या आणि चिऱ्याच्या जुन्या भिंतींना छिन्नीने चर पाडले जातात. हा अट्टाहास आम्हांस अनाठायी वाटतो. मातीची भिंत खोदली की तिची पकड सुटते. चिरा तर सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पिऊन बसलेला. अशा भिंतीच्या पोटात तारा पुरण्यापेक्षा त्या प्लास्टिकच्या झाकणपट्टीतून भिंतीवरून नेणे केव्हाही श्रेयस्कर. झाकण उघडले की दोष सापडतो आणि आजोबांची भिंत शाबूत राहते. जुन्या घरांतून सागवानी पट्ट्यांवर क्लिपांनी बसविलेल्या तारा अद्याप दिसतात. ती पद्धत मूळची शहाणपणाचीच होती. मात्र वाळवीने पोखरलेल्या त्या पट्ट्या आणि तडकलेल्या रबरी तारा आता उतरविल्याच पाहिजेत.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. नव्या, देखण्या पट्टीत पुष्कळदा दोनच तारा असतात. अर्थिंगची तिसरी तार खर्चाच्या नावाखाली गाळली जाते आणि तीन छिद्रांचा सॉकेट मात्र ऐटीत बसविला जातो! फ्रिजच्या किंवा पंपाच्या आत तार उघडी पडली, की वीज त्याच्या धातूच्या कवचात उतरते. तिला जमिनीकडे जाणारी तार न मिळाल्यास ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाचा देह हीच तिची वाट ठरते. ही तारही अंगणात पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचली पाहिजे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुबळे होते, तेव्हा तेथे पाणी घालावे लागते.

‘एमसीबी’ आहे म्हणून निर्धास्त राहणारे अनेक. ती तारांना जळण्यापासून वाचविते; माणसासाठी 30 मिलिअँपिअरची ‘आरसीसीबी’ हवी. गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहात तेवढी तफावत पडताच ती वीज तोडते. परवानाधारक कंत्राटदाराकडूनच असे काम करून घेण्याचे बंधन 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतही होते. तरीही शेजारचा ‘जाणकार’ मुलगा अजून शिडीवर चढतोच.

वीज खात्याने चतुर्थीपूर्वी गावोगाव घरांच्या अर्थिंगची तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर ज्यांच्या घरी ‘आरसीसीबी’ आहे त्यांनी तिच्यावरील चाचणीची कळ दाबून पाहावी. खटका पडला नाही, तर मखराच्या माळा लावण्याआधी वायरमनला बोलवावे.