शेती पुस्तकात येईल, पण मोहल्ल्यातल्या शाळेत माती कुठे आहे?

राज्यातील शालेय अभ्यासक्रमात कृषी विषय आणण्याची घोषणा 2023 मध्ये झाली. त्यानंतर 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले. खर्च 2,481 कोटी रुपये, उद्दिष्ट एक कोटी शेतकऱ्यांचे. जमिनीचा कस परत आणणारी शेती सरकारी कागदावर तर आली. आमचा प्रश्न एवढाच, की ती आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांपर्यंत कशी पोहोचणार?

"आपल्याकडे कुठे शेती आहे?" असं म्हणून आपण बाजूला होतो. हे अर्धंच खरं. कोकणात मुस्लिम कुटुंबांची भातशेती आहे, आंब्याच्या बागा आहेत. शहरांत बागवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या फळं-भाजी विकतात. भाव का पडला, पेटीतला माल किती दिवस टिकेल, हे त्यांच्या पोरांना दहावीच्या आधीच कळतं. शेतातून निघालेलं अन्न शेवटी यांच्याच हातगाडीवर येतं. पुस्तकातल्या धड्यात मात्र हातगाडी क्वचितच दिसते.

विषय आपल्याला परकाही नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हाताच्या कामातून शिक्षण, आणि त्या कामांत शेती आणि भाजीपाल्याची बागही होती. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं आजही शेतात राबतात. आपण झाकिरसाहेबांचं नाव शाळांना देतो, त्यांचं काम तेवढं विसरतो.

जागा नाही, ही अडचण खरी आहे. पण दोन कुंड्या तर बसतात! एकीत उघडी माती, दुसरीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी दोन्हींना सारखंच. कोणती आधी सुकते ते मुलांनी रोज लिहावं. मुगाचं रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवाव्यात. युरियाच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं. या गाठींतले जिवाणू तेच नत्र हवेतून घेतात. पोषण आहाराच्या योजनेत शाळेच्या परसबागेची तरतूद आहेच, तेव्हा स्वयंपाकातली देठं-सालं खतासाठी वापरता येतील. (वलीम्यात उरलेल्या बिर्याणीचं काय होतं, हेही मुलांनी एकदा मोजावं. इसराफवरच्या बयानापेक्षा ते जास्त लक्षात राहील.)

एक सावधगिरी हवी. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. भाताचं पीक घटलं आणि त्याच वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांच्या जीवामृताबद्दलही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. म्हणून हे मुलांना श्रद्धेचा विषय म्हणून न शिकवता करून बघायचा प्रयोग म्हणून शिकवावं.

पालकांच्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे, पण सल्ला तर देता येतो. जूनच्या बैठकीत कुंड्या, बियाणं आणि शेणखत यांचा खर्च आराखड्यात लिहून घ्या. मुख्याध्यापक विचारतीलच, सुट्टीत पाणी कोण घालणार? त्याचं उत्तर घरूनच ठरवून जा.